स्वस्त तिकिटाचा महाग हिशेब

आशियातल्या विमान कंपन्या, त्यातही कमी भाड्याच्या कंपन्या पुढच्या काही वर्षांत कुठे जातील, यावर वाचकांचे बरेच प्रश्न आले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : विमाने गच्च भरलेली असतात, विमानतळावर पाय ठेवायला जागा नसते. तरी आशियातल्या कंपन्या तोट्यात असल्याच्या बातम्या येतात. मग पैसा जातो कुठे? (निवृत्त बँक अधिकारी)

आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने जून २०२५ मध्ये एक अंदाज मांडला होता. त्यानुसार आशिया-पॅसिफिकमधल्या कंपन्यांना त्या वर्षी एका प्रवाशामागे २.६ डॉलर निव्वळ नफा अपेक्षित होता. उत्तर अमेरिकेत हाच आकडा ११.१ डॉलर आणि मध्यपूर्वेत २७.२ डॉलर होता. म्हणजे जगात सर्वाधिक नवे प्रवासी जिथे मिळतात, तिथेच प्रवाशामागे सुटणारा पैसा फार थोडा आहे.

हे २.६ डॉलर किती नाजूक आहेत ते एका उड्डाणावरून पाहू. एअरबस ए-३२० निओ, १८० आसने, दोन तासांचे उड्डाण. त्याला ढोबळमानाने ५ टन इंधन लागते. हे सव्वासहा हजार लिटर झाले, म्हणजे साधारण ३९ बॅरल. विमान ८५ टक्के भरले तर प्रवासी १५३. आता विमान इंधन बॅरलमागे फक्त १० डॉलरने महागले असे धरा. या एका फेरीचा खर्च ३९० डॉलरने वाढला, माणशी अडीच डॉलर. वर्षभराचा सरासरी नफा तेवढ्यात संपला. आणि बॅरलमागे १० डॉलरची चढउतार तेलाच्या बाजारात काही आठवड्यांत होऊन जाते.

विमान भरलेले असणे आणि विमानाने पैसे मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या धंद्यात हिशेब तिकिटाचा नसतो, 'एक आसन एक किलोमीटर नेण्याचा' असतो. त्यातून मिळणारे उत्पन्न म्हणजे रास्क आणि त्यावर होणारा खर्च म्हणजे कास्क. भाडे खाली आणले की विमान भरतेच, पण रास्क कास्कच्या खाली गेला तर गच्च भरलेले विमान प्रत्येक किलोमीटरला तोटा करत उडते. प्रवासी वाढले की सगळ्या कंपन्या एकदम आसने वाढवतात आणि भाडी पडतात. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, भारत, सगळीकडे हे घडून गेले आहे.

याहून मोठे दुखणे चलनाचे. तिकीट विकले जाते रुपयात, इंडोनेशियाच्या रुपियात, फिलिपिन्सच्या पेसोत किंवा व्हिएतनामच्या डोंगमध्ये. विमानाचे भाडे, सुटे भाग आणि इंजिनाची दुरुस्ती हे सारे डॉलरमध्ये चुकवायचे असते, आणि इंधनाचा दरही डॉलरच्याच हिशेबाने ठरतो. इंडिगोचे उदाहरण ताजे आहे. सप्टेंबर २०२५ ला संपलेल्या तिमाहीत कंपनीने २,५८२ कोटी रुपयांचा तोटा दाखवला. चलनातल्या फरकाचा परिणाम बाजूला काढला तर त्याच तिमाहीत १०४ कोटींचा नफा होता. पुढची कित्येक वर्षे चुकवायचे विमानभाडे हिशेबाच्या नव्या नियमांनुसार कर्जासारखे ताळेबंदात बसते आणि रुपया घसरला की ते सगळे देणे एकदम फुगते. तुम्ही बँकेत होता, त्यामुळे परकीय चलनातल्या कर्जाचा हा खेळ तुम्हाला नवा नसेल.

प्रश्न : पाचशे विमानांची ऑर्डर द्यायला या कंपन्यांकडे पैसा येतो कुठून? (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी)

येत नाही. बहुतेक विमाने कंपनी आपल्या मालकीची ठेवतच नाही. इंडोनेशियाच्या लायन एअरने २०१३ मध्ये एअरबसकडे २३४ विमाने मागवली, एअर इंडियाने २०२३ च्या फेब्रुवारीत ४७० विमानांची घोषणा केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये इंडिगोने ५०० विमाने नोंदवली. एवढ्या घाऊक ऑर्डरला भरघोस सवलत मिळते. खरी गंमत त्या सवलतीत आहे.

समजा सवलतीनंतर विमान साडेचार कोटी डॉलरला पडले. ज्या दिवशी ते कारखान्यातून ताब्यात मिळते त्याच दिवशी कंपनी ते भाड्याने विमाने देणाऱ्या कंपनीला, म्हणजे लेसरला, पाच कोटींना विकते आणि त्याच्याकडूनच भाड्याने घेते. याला सेल अँड लीजबॅक म्हणतात. पन्नास लाख डॉलर लगेच हातात आले आणि विमानही ताफ्यात आले. पण भाडे पाच कोटींच्या किमतीवर ठरते. महिन्याला साडेतीन लाख डॉलर धरले तर दहा वर्षांत ४ कोटी २० लाख डॉलर जातात आणि शेवटी विमान लेसरचेच राहते.

ही युक्ती वाईट नाही. ताफा तरुण राहतो, इंधन कमी लागते आणि सहा ते बारा वर्षांत विमान परत करून मोकळे होता येते. घोटाळा होतो तो कंपनी या 'विक्रीच्या नफ्यावर' जगू लागते तेव्हा. नवी विमाने येत राहिली तर पैसा येत राहतो. कारखान्याकडून विमाने उशिरा आली की तो पैसा थांबतो, आधीच्या विमानांचे भाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते. शिवाय विमान परत करताना इंजिन, चाके, आतली सजावट, सगळे करारात लिहिलेल्या अवस्थेत द्यावे लागते. इंजिनातल्या ठरावीक आयुष्याच्या भागांना किती फेऱ्या शिल्लक आहेत हे मोजले जाते आणि कमी पडल्या तर भरपाई द्यावी लागते. नवख्या कंपन्या या शेवटच्या बिलाची तरतूद करत नाहीत आणि सातव्या-आठव्या वर्षी अडकतात. कोणत्याही कंपनीचा ताळेबंद वाचाल तेव्हा दोन गोष्टी जरूर पाहा : उड्डाणातून किती मिळाले आणि विमानांच्या विक्रीतून किती मिळाले. दुसरा आकडा वगळल्यावर काहीच उरत नसेल तर ती कंपनी उडण्यावर नव्हे, ऑर्डरवर चालली आहे.

प्रश्न : इंजिने नादुरुस्त म्हणून विमाने महिनोन्‌महिने उभी राहतात. इंजिन बदलून टाकणे इतके अवघड का आहे? (यंत्रशाळेतील पर्यवेक्षक)

तुमचा प्रश्न या कंपन्यांच्या अलीकडच्या अडचणींच्या मुळाशी जातो. ए-३२० निओला दोन प्रकारची इंजिने बसतात : प्रॅट अँड व्हिटनीचे जीटीएफ आणि सीएफएमचे लीप. खरेदीच्या वेळीच त्यातले एक निवडावे लागते. इंजिन ज्या आधाराला टांगले जाते तो आधार, जोडण्या आणि प्रणाली वेगवेगळ्या असल्यामुळे जीटीएफ काढून त्याजागी लीप बसवता येत नाही. म्हणजे जीटीएफच्या विमानाला जीटीएफच हवे.

२०२३ च्या जुलैत प्रॅटच्या मूळ कंपनीने जाहीर केले, की २०१५ च्या अखेरीपासून २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंत बनलेल्या काही इंजिनांमधल्या चकत्यांच्या धातूच्या भुकटीत अशुद्ध कण गेले आहेत. या चकत्या उच्च दाबाच्या टर्बाइनमध्ये आणि कॉम्प्रेसरमध्ये असतात. भुकटी दाबून आणि तापवून त्या घडवतात. आत डोळ्यांना न दिसणारा कण राहिला तर तिथून बारीक चीर सुरू होते. मिनिटाला हजारो फेरे घेणारी चकती फुटली तर तिचे तुकडे इंजिनाचे कवच भेदून बाहेर येऊ शकतात, म्हणून यात तडजोडीला जागाच नाही. विमानावरून इंजिन उतरवायचे, पूर्ण खोलायचे, चकती अल्ट्रासाउंडने तपासायची, गरज पडली तर बदलायची आणि पुन्हा जोडून चाचणी घ्यायची. २०२३ ते २०२६ या काळात जास्तीची ६०० ते ७०० इंजिने उतरवावी लागतील आणि प्रत्येकाला २५० ते ३०० दिवस लागतील, असा कंपनीचाच अंदाज होता. प्रत्यक्ष कामाला इतके दिवस लागत नाहीत. दुरुस्तीच्या जागा थोड्या आणि नव्या चकत्या त्याहून थोड्या, म्हणून बराचसा वेळ रांगेत जातो.

आशियाला याचा फटका जास्त बसला. इथे ए-३२० निओ मोठ्या संख्येने आहेत आणि उष्ण, धुळीच्या हवेत इंजिनाचे दहनकक्ष लवकर झिजतात, त्यामुळे इंजिने आधीच वेळेपूर्वी उतरत होती. गो फर्स्टने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा इंजिनांअभावी निम्मी विमाने जमिनीवर असल्याचे कारण दिले. इंजिन कंपनीने तो आरोप नाकारला. इंडिगोचीही २०२४ च्या सुरुवातीला सत्तरहून अधिक विमाने उभी होती. पण २०१९ पासून नव्या ऑर्डरसाठी लीप इंजिने घेतल्यामुळे सगळी अंडी एका टोपलीत नव्हती. हाताशी रोकड होती, जुन्या विमानांचे करार वाढवता आले, दुसऱ्यांची विमाने वैमानिकांसकट भाड्याने घेता आली. अडचण दोघांपुढे एकच होती, पण एक कंपनी बुडाली आणि दुसरी तरली. रोकड आणि दुसरा पर्याय या दोन गोष्टींनी फरक पडला.

प्रश्न : हातातल्या सामानाला सातच किलो का? (अनेक वाचक)

वजनापेक्षा वेळेसाठी. प्रत्येकाने मोठी बॅग वर चढवायची म्हटली की विमान भरायला दहा-पंधरा मिनिटे जास्त लागतात. कमी भाड्याच्या कंपनीचे विमान २५ ते ३० मिनिटांत पुन्हा निघायला हवे. दिवसात सहा फेऱ्या असतील तर मधले थांबे पाच. प्रत्येक थांब्यावर अर्धा तास वाचवला तर अडीच तास हाती येतात, म्हणजे लेसरला द्यायचे भाडे तेवढेच राहून त्याच विमानाची एक जादा फेरी. दुसरे कारण उघड आहे : चेक-इन सामानाचे पैसे वेगळे मिळतात आणि अशा जोडउत्पन्नाशिवाय मूळ भाडे परवडत नाही. सामान लागणार असेल तर तिकीट काढतानाच घ्या. काउंटरवर तेच बऱ्याच चढ्या दराने मिळते.

प्रश्न : युरोप-अमेरिकेपर्यंत कमी भाड्याची विमाने का जात नाहीत? आता तरी जातील का? (पर्यटन व्यवसायातील वाचक)

प्रयत्न झाले. ओएसिस हाँगकाँग २००६ मध्ये लंडनला उडू लागली आणि एप्रिल २००८ मध्ये बंद पडली. एअरएशिया एक्सने क्वालालंपूरहून लंडन आणि पॅरिसला सेवा सुरू केली आणि २०१२ मध्ये गुंडाळली.

वरच्या उत्तरातला अर्धा तास इथे आठवा. लांब पल्ल्याच्या विमानाला दिवसात जेमतेम एक-दोन थांबे असतात, तिथे अर्धा तास वाचवून काही साधत नाही. मोठ्या, जुन्या कंपन्यांची विमानेही दिवसाला चौदा-चौदा तास उडतात. म्हणजे कमी भाड्याच्या कंपनीची मुख्य ताकद तिथे गळून पडते. बारा तासांच्या प्रवासात माणसाला जेवण, सामान आणि पाय पसरायला जागा लागते. बिझनेस क्लासची महाग आसने आणि विमानाच्या पोटातली मालवाहतूक हे मोठ्या कंपन्यांचे हुकमी उत्पन्न कमी भाड्याच्या कंपन्यांकडे कमी असते. तीनशे जागा रोज भरायच्या तर आजूबाजूच्या वीस शहरांतून प्रवासी आणून जोडावे लागतात, ती व्यवस्था वेगळीच.

ज्यांचे चालले त्यांनी मधला मार्ग काढला. जपान एअरलाइन्सची झिपएअर बोइंग ७८७ मध्ये २९० आसने बसवते, पण त्यातली १८ आसने पूर्ण आडवी होणारी आहेत. सिंगापूर एअरलाइन्सच्या स्कूटला मोठ्या कंपनीचे प्रवासी मिळतात. इंडिगोनेही ए-३५० मागवले, गर्दीच्या मार्गांवर बिझनेस श्रेणी आणली. मला जास्त आशा वाटते ती ए-३२१ एक्सएलआरबद्दल. साधारण ८,७०० किलोमीटर जाणारे हे अरुंद विमान आहे. दोनशेच्या आसपास प्रवासी मिळाले की भागते, तीनशे शोधावे लागत नाहीत. सहा ते आठ तासांच्या मार्गांवर ते खरोखर चित्र बदलू शकेल. त्यापलीकडे कमी भाड्याची सेवा टिकेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : एअरएशिया प्रत्येक देशात वेगळी कंपनी का काढते? (विधी शाखेचा विद्यार्थी)

कारण आकाश मोकळे झाले तरी मालकी मोकळी झाली नाही. टोनी फर्नांडिस आणि कमरुद्दीन मेरानुन या उद्योजकांनी २००१ मध्ये मलेशियातली एअरएशिया एका रिंगिटला (मलेशियाचे चलन), पण ४ कोटी रिंगिटच्या कर्जासह घेतली. तेव्हा विमाने होती दोन. मलेशियातून वाढायला जागा अपुरी होती. आसियान देशांमधल्या करारांमुळे मलेशियन कंपनी क्वालालंपूरहून बँकॉकला मोकळेपणी उडू शकते. मात्र बँकॉकहून थायलंडमधल्याच चियांग मायला प्रवासी नेऊ शकत नाही, किंवा बँकॉकला मुक्काम ठेवून तिथून व्हिएतनामला थेट सेवा चालवू शकत नाही. त्यासाठी थाई कंपनी लागते, आणि तिच्यात परकीयांचा वाटा ४९ टक्क्यांपर्यंतच असू शकतो. फिलिपिन्समध्ये दीर्घकाळ ही मर्यादा ४० टक्के होती.

परिणाम असा, की नाव आणि रंग एकच, पण प्रत्येक देशात वेगळा परवाना, वेगळे भागीदार, वेगळे वैमानिक आणि वेगळी सुरक्षा तपासणी. एका देशातले रिकामे विमान दुसरीकडे गर्दीच्या दिवसांत पटकन वापरता येत नाही. भागीदाराशी बिनसले की सगळेच थांबते : जपानमध्ये एअरएशियाचा पहिला प्रयत्न असाच फसला, आणि दुसरा कोरोनाच्या काळात बंद पडला. जेटस्टार हाँगकाँगला तर २०१५ मध्ये परवानाच नाकारला, कारण कंपनीचा कारभार हाँगकाँगमधून चालतो हे प्राधिकरणाला पटले नाही. तिची विमाने तयार होती, एकही व्यावसायिक फेरी झाली नाही. युरोपात एकच परवाना सगळ्या संघभर चालतो, म्हणून कमी भाड्याची रायनएअर तिथे एवढी मोठी झाली. आशियात तसे होईपर्यंत खर्चाचा हा जादा भार राहणारच.

प्रश्न : वेगवान रेल्वे विमानांना खाईल का? (एक वाचक)

जमिनीवर, तीन-चार तासांच्या आत, होय. तैवानमध्ये २००७ ला वेगवान रेल्वे आली आणि तैपेई-काओशियुंग विमानसेवा काही वर्षांत संपली. बीजिंग-शांघाय हे १,३१८ किलोमीटर अंतर रेल्वे साडेचार तासांत कापते. चीनमध्ये स्प्रिंग एअरलाइन्ससारख्या कमी भाड्याच्या कंपन्या मोजक्याच राहिल्या, त्यामागे विमानतळांवरच्या उड्डाणाच्या ठरलेल्या वेळा सरकारी कंपन्यांच्या हाती असणे याइतकाच रेल्वेचाही वाटा आहे. पण सोल-जेजू हा जगातला सर्वांत गर्दीचा विमानमार्ग साडेचारशे किलोमीटरचाच आहे. मध्ये समुद्र आहे, म्हणून तो टिकला. इंडोनेशिया आणि फिलिपिन्स हजारो बेटांचे देश आहेत. तिथे विमानाला खरी स्पर्धा बोटीची, आणि ती बोटीला जिंकता येत नाही.

प्रश्न : भाडे कमी म्हणजे देखभालीत काटकसर, असे समजायचे का? (गृहिणी)

नाही. देखभालीचे वेळापत्रक विमान बनवणारा आणि नियामक ठरवतो, तिकिटाच्या दराशी त्याचा संबंध नाही. फरक पडतो तो देशाचा नियामक किती जागरूक आहे यामुळे. युरोपीय संघाने २००७ मध्ये इंडोनेशियाच्या सगळ्याच कंपन्यांवर बंदी घातली होती. त्यात स्वस्त आणि महाग दोन्ही आल्या. ती २०१८ मध्ये पूर्ण उठली. थायलंडच्या नियामकाला २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने लाल निशाण दाखवले आणि ते २०१७ मध्ये काढले. त्या काळात थाई कंपन्यांना जपान आणि कोरियाला नवे मार्ग मिळाले नाहीत.

लायन एअरचे विमान २९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोसळून १८९ जण गेले, त्यात विमानाच्या स्वयंचलित प्रणालीच्या रचनेतला दोष होता आणि कंपनीच्या देखभालीतल्या चुकाही होत्या. दोन्ही गोष्टी तपासात पुढे आल्या. म्हणून पूर्ण भरवसाही नको आणि सरसकट संशयही नको. अनोळखी कंपनीचे तिकीट काढण्यापूर्वी दोन याद्या पाहा, दोन्ही फुकट उपलब्ध आहेत : युरोपीय संघाची बंदी घातलेल्या कंपन्यांची यादी आणि आयाटाच्या आयोसा सुरक्षा तपासणीत उत्तीर्ण झालेल्यांची यादी. पहिल्या यादीत नाव असेल तर तिकीट काढू नका. दुसऱ्या यादीत नाव नसले तरी ते वाईटच असे नाही, पण असले तर चांगले.

प्रश्न : मुलीला वैमानिक व्हायचे आहे. विमानांच्या एवढ्या ऑर्डर आहेत तर नोकरी नक्की मिळेल ना? (पालक)

आधी गरजेचा हिशेब. एक अरुंद विमान दिवसाला १३ तास उडाले तर वर्षाला सुमारे ४,७५० तास होतात. कॉकपिटमध्ये दोघे, म्हणजे साडेनऊ हजार वैमानिक-तास. नियमाने एका वैमानिकाला वर्षात १,००० तासच उडता येते, पण रजा, प्रशिक्षण आणि विश्रांती धरून प्रत्यक्षात साडेसातशे-आठशे भरतात. म्हणजे एका विमानामागे बारा-तेरा वैमानिक. भारतात १ नोव्हेंबर २०२५ पासून विश्रांतीचे नियम पूर्णपणे कडक झाले : आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर आणि रात्रीची विमाने उतरवण्याची मर्यादा सहावरून दोनवर. त्याला पुरेसे वैमानिक हाताशी नव्हते, म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या आणि नियामकाला काही सवलती तात्पुरत्या द्याव्या लागल्या. थकलेला वैमानिक हा खरा धोका आहे, त्यामुळे नियम योग्यच होते. तयारी कमी पडली.

तेव्हा गरज आहे, पण ती ऑर्डरच्या नव्हे, प्रत्यक्ष ताब्यात येणाऱ्या विमानांच्या गतीने निघते. आणि पहिली मागणी अनुभवी कॅप्टनची असते. परवाना नुकताच मिळालेल्यांची रांग मोठी आहे.

क्रम असा ठेवा. एक पैसाही भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करा, आधी दुसऱ्या श्रेणीची आणि मग पहिल्या श्रेणीची. फी भरून झाल्यावर डोळ्यांत किंवा हृदयात दोष निघाला तर सगळे वाया जाते. त्यानंतर हवामानशास्त्र, दिशादर्शन, नियम आणि तांत्रिक विषयांचे पेपर. शक्य तितके पेपर उड्डाण सुरू होण्याआधी सोडवा. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतः कमांडमध्ये. प्रशिक्षण संस्था निवडताना इमारत पाहू नका. चालू स्थितीत विमाने किती, एका विमानामागे विद्यार्थी किती, आणि गेल्या तुकडीने २०० तास किती महिन्यांत पूर्ण केले, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. बहुतेकांचे वर्ष-दीड वर्ष इथेच वाया जाते. शेवटी ए-३२० किंवा ७३७ चे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान उडवण्याची खास पात्रता. कंपनीचे लेखी नेमणूकपत्र हाती नसेल तर स्वखर्चाने ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सराव सुटला की त्याची किंमत झपाट्याने उतरते.

प्रश्न : येत्या पाच वर्षांत तिकिटे पुन्हा स्वस्त होतील का? कोणत्या कंपन्या टिकतील? (अनेक वाचक)

पूर्वीइतकी स्वस्त होणार नाहीत. २०२४ च्या अखेरीस जगात १७,००० विमानांच्या ऑर्डर थकलेल्या होत्या आणि ताफ्याचे सरासरी वय १४.८ वर्षांवर गेले होते. जुनी विमाने जास्त इंधन पितात. कमी प्रदूषण करणाऱ्या शाश्वत इंधनाचा खर्चही येतोच आहे : भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०३० पर्यंत ५ टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले आहे.

टिकतील त्या दोन प्रकारच्या. ज्यांचा खर्च खरोखर कमी आहे आणि मोठी देशांतर्गत बाजारपेठ पाठीशी आहे त्या, आणि मोठ्या कंपनीच्या सावलीतल्या : स्कूट, पीच, एचके एक्सप्रेस, एअर इंडिया एक्सप्रेस. अधलेमधले राहणे कठीण आहे. सिंगापूरची जेटस्टार एशिया वीस वर्षे चालून ३१ जुलै २०२५ रोजी बंद झाली. तिची विमाने भरत होती. पण पुरवठादारांचे काही दर २०० टक्क्यांपर्यंत वाढले, स्पर्धा तीव्र होती, आणि मूळ कंपनी क्वांटासला तीच १३ विमाने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जास्त मिळवून देणार होती. विमान दुर्मीळ झाले की ते जिथे जास्त कमावते तिथे जाते.

प्रश्न : दोन स्वस्त तिकिटे जोडून प्रवास करतो. कंपनीच बुडाली तर काय? (नियमित प्रवासी)

दोन वेगळी तिकिटे म्हणजे दोन वेगळे करार. पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी शून्य. सामान आपोआप पुढे जात नाही : मधल्या देशात इमिग्रेशन ओलांडून बाहेर यायचे, पट्ट्यावरून बॅग घ्यायची, पुन्हा चेक-इन करायचे. त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो, आणि तो नसेल तर निघतानाच विमानात बसू देत नाहीत. विमानतळाचे नाव नीट वाचा. बँकॉकमध्ये सुवर्णभूमीवर उतरून पुढचे विमान डॉन मुआंगहून असेल तर अख्खे शहर पार करावे लागते. क्वालालंपूरला टर्मिनल बदलावे लागू शकते. एकाच विमानतळावर चार-पाच तास ठेवा. दुसरे विमान त्या दिवसाचे शेवटचे असेल तर मधे रात्रीचा मुक्कामच धरा.

कंपनी अडचणीत असल्याच्या खुणा आधी दिसतात : पगार लांबणे, विमानतळ आणि तेल कंपन्यांनी उधारी बंद करून रोखीवर सेवा देणे, एकाएकी अनेक मार्ग बंद होणे, लेखापरीक्षकाचा 'कंपनी चालू राहील का' असा शेरा. भारतात आणखी एक ठळक खूण आहे. लेसर विमान परत मागू लागले की डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाकडे नोंदणी रद्द करण्याचा अर्ज करतात आणि हे अर्ज सार्वजनिक होतात. एका महिन्यात असे चार-पाच अर्ज दिसले तर त्या कंपनीचे तीन महिन्यांपुढचे तिकीट काढू नका, भाडे कितीही मोहक असो.

पैसे नेहमी क्रेडिट कार्डाने भरा. जेटस्टार एशियाने सात आठवडे आधी सांगून परतावे दिले. गो फर्स्टची उड्डाणे अर्जानंतर लगेच थांबली आणि तिचे प्रवासी धनकोंच्या रांगेत मागे जाऊन पडले. कार्डाने भरले असेल तर बँकेकडे 'सेवा मिळाली नाही' या कारणाने चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे परत, मागता येतो. त्याची मुदत बहुधा प्रवासाच्या तारखेपासून १२० दिवस असते. तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि उड्डाण रद्द झाल्याचा संदेश अशी तीन कागदे लागतात. तो संदेश त्याच दिवशी फोनवर टिपून ठेवा. कंपनी बंद पडली की तिचे अ‍ॅप आणि संकेतस्थळही काही दिवसांत बंद होऊ शकते, आणि मग तिकिटाची प्रतही काढता येत नाही.